आधी टेप, मग स्प्रिंग : परतवाड्याजवळच्या पांदणीवरचं एक प्रकरण

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. कापसाची वेचणी जोरात होती आणि माझ्या गॅरेजसमोरून दिवसभर गाठोडी लादलेल्या गाड्या जात होत्या. अशा एका दुपारी डॉक्टर आले. ते पदवीचे डॉक्टर नाहीत. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतात, वाडी-वस्तीवर जाऊन औषधपाणी बघतात, आणि गावागावात सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आठवडाभर गाडी कामाला आणि रविवारी ट्रेलला. आमच्याकडे आता सात-आठ जणांचा मेळ आहे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पांदणींवर (शेतांमधल्या गाडीवाटांवर) आणि नाल्यानाल्यांतून गाड्या घालणारा. त्यातले हे सगळ्यांत नेमाने येणारे.

गाडी स्टँडवर लावता लावताच ते म्हणाले, “भाऊ, मांगून गाडी घोड्यावानी लाथ मारते. अन् पुढून गोट्यावर गेली का हाताले असा झटका देते का मुंग्या येतात. आता पैशे जमवले आहेत. मांगचा नवा भारी शॉकअप टाकून द्या.”

खिशात अठरा हजार होते. कोणता शॉकअप घ्यायचा तेही मोबाइलवर ठरवून आणलं होतं. मी त्या दिवशी तो मागवू दिला नाही. पुढचे तीन महिने आम्ही जे केलं ते सविस्तर लिहितो आहे, कारण याच तक्रारी घेऊन, हेच पैसे खिशात घालून माझ्याकडे दर हंगामात दोघं-तिघं येतात.

गाडी, माणूस आणि रस्ता

गाडी २०० सीसीची, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची तारांचं चाक. पुढच्या चाकाचा वर-खाली प्रवास १९० मिलिमीटर, मागच्याचा १७०. दुसऱ्या हातची घेतलेली, मीटरवर एकतीस हजार किलोमीटर. डॉक्टर उंचीला साडेपाच फूट आणि अंगाने भरलेले. हेल्मेट, बूट, जॅकेट घालून त्यांना मी धान्याच्या काट्यावर उभं केलं, ९४ किलो. मागच्या कॅरिअरला द्रवरूप नायट्रोजनची तीन लिटरची कॅन असते. रेतनाच्या कांड्या उणे १९६ अंशांत ठेवाव्या लागतात, त्यासाठी. ती भरून सहा किलो आणि औषधांची पिशवी चार. म्हणजे गाडीवर १०४ किलो. हा आकडा पहिल्या दिवशी वहीत लिहिला आणि पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं.

आता रस्ता. पांदण म्हणजे काय हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडून ट्रेलला येणाऱ्यांना त्याची कल्पना नसते. पावसाळ्यात बैलबंड्या आणि ट्रॅक्टर काळी माती तुडवतात. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसते. दिवाळीनंतर ती विटेसारखी टणक होते, चाकोऱ्या वीतभर खोल तशाच गोठून राहतात आणि मधल्या पट्ट्यात हात जाईल अशा भेगा पडतात. चाकोरीत पुढचं चाक गेलं की ते चाकोरीच्या मनाने चालतं. तिथून वर सरकलं की नाला, त्यात काळ्या दगडाचे गोटे, काही नारळाएवढे गोल, काही फुटून धार आलेले. नाला चढून गेलं की मुरमाचा उतार, वर सैल खडी. सात किलोमीटरच्या आत हे तिन्ही प्रकार येतात. मोटारसायकलच्या सस्पेन्शनला यापेक्षा चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. आमची ही फेरी महसुली पांदण आणि गावरस्त्यांवरची आहे. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ पासूनचा. त्याच्या हद्दीत ट्रेल नाही, रविवारीही नाही, कोणी नेहमीचा रस्ता दाखवतो म्हणाला तरी नाही.

टेप लावल्यावर काय दिसलं

सस्पेन्शनचं दुखणं ओळखायचं पहिलं हत्यार पंचवीस-तीस रुपयांचा मापाचा टेप आहे. मागचं चाक हवेत उचलून एक्सलपासून सरळ वर कॅरिअरच्या पट्टीपर्यंत माप घ्यायचं. मग गाडी जमिनीवर, तिच्या एकटीच्या वजनावर. मग माणूस पूर्ण पेहरावात, सामानासकट, पायरीवर पाय ठेवून बसलेला. पहिल्या मापातून बाकीची दोन वजा केली की गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते आणि माणसासकट किती बसते ते कळतं. यालाच सॅग म्हणतात. ट्रेलसाठी माणसासकटचा सॅग एकूण प्रवासाच्या साधारण तिसरा हिस्सा असावा. म्हणजे मागे १७० पैकी ५५ च्या आसपास. आणि एकट्या गाडीचा दहा-पंधरा मिलिमीटर.

डॉक्टरांच्या गाडीचं मागचं माप असं निघालं : एकटी गाडी ४, माणूस आणि सामानासकट ६०.

माणसासकटचा आकडा फार वाईट वाटत नाही. पण ४ वर माझी नजर अडकली. शॉकअपची चकती बघितली तर प्रीलोड शेवटच्या खाचेवर. आधीच्या एका मिस्त्रीने “टाइट करून” दिला होता. खरं दुखणं इथे होतं. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हे मी रोज कोणाला तरी सांगतो. ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते. पुढे प्रत्येक मिलिमीटरला ती तेवढाच जोर लावते जेवढा आधी लावत होती. प्रीलोड कमी करून चौथ्या खाचेवर आणला तेव्हा एकटी गाडी १४ बसली आणि माणसासकट ७२. म्हणजे अर्ध्याला टेकत आलेला प्रवास बसल्या बसल्याच संपलेला.

स्प्रिंग त्या वजनाला नरम असली की अशीच कात्री होते. सैल ठेवावी तर गाडी खाली बसते, आवळावी तर चाकाला खाली उतरायला जागा राहत नाही. चाकोरीतून वर येताना मागचा भार हलका होतो, तेव्हा चाक खड्ड्यात उतरायला हवं, ते चार मिलिमीटरात थांबत होतं आणि जमीन सोडत होतं. पुढच्या उंचवट्यावर तेच चाक आपटत होतं, नरम स्प्रिंग शेवटपर्यंत दाबली जाऊन रबरावर बसत होती आणि ते रबर गाडीची शेपूट वर फेकत होतं. डॉक्टरांची घोड्याची लाथ ती हीच. नवा महागडा शॉकअप कॅटलॉगमधल्या स्प्रिंगसकट घेतला असता आणि ती स्प्रिंग ७० किलोच्या माणसासाठी निघाली असती, तर अठरा हजारांत तीच लाथ जरा मऊ होऊन परत मिळाली असती.

पुढचं माप घेताना अजून एक गोष्ट सापडली. फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे दोन शॉकअप-पाय, दाबून हळूच सोडला की एक माप येई आणि वर उचलून हळूच सोडला की दुसरं. दोन्हींत २२ मिलिमीटरचा फरक. थोडा फरक प्रत्येक गाडीत असतो, तेल अडवणारे सील पाइपला धरतातच. पण एवढा म्हणजे फोर्क कुठेतरी अडकत होता. एक्सल ढिला केला, पुढचा ब्रेक धरून फोर्क दहा-बारा वेळा दाबला, दोन्ही पाय आपापल्या जागी बसू दिले आणि मग आवळला. फरक ९ वर आला. खर्च शून्य. पंक्चरवाल्याने कधीतरी चाक काढून लावताना पाय तिरपे धरले गेले असणार.

कोनसेट (हँडल फिरतं त्या गोळ्या-वाट्या) आणि चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश याच वेळी तपासले. कोनसेट सरळ हँडलला किंचित थांबत होता, म्हणजे गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडले होते. तो बदलला. चिमटा ठीक होता. ही तपासणी सोडून सस्पेन्शनला हात लावणारा मिस्त्री मला पटत नाही, कारण बुशचा खेळ चालवणाऱ्याला हुबेहूब शॉकअपच्या दोषासारखाच जाणवतो.

फोर्कमधलं जाड तेल

फोर्क उघडला. उजव्या पायातून जेवढं तेल निघालं त्यापेक्षा डाव्यातून चाळीस मिली कमी. डावा सील कधीपासून पाझरत होता आणि पाइपला काळ्या मातीचा लेप बसला होता. तेलाचा रंग राखाडी आणि बोटांवर घेतलं तर मधासारखं ओढत येत होतं. विचारल्यावर कळलं, फोर्क तळाला आपटतो म्हणून वर्षभरापूर्वी कोणीतरी जाड तेल भरलं होतं.

या प्रकारच्या फोर्कमध्ये आत एक नळी असते आणि तिला ठरावीक मापाची भोकं. तेल त्या भोकांतून जाताना जो अडथळा होतो तीच दाब-उसळीची लगाम. आणि हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. फोर्क दुप्पट वेगाने दाबला गेला तर अडथळा चौपट. ब्रेक लावल्यावर फोर्क हळू दाबला जातो, तेव्हा अडथळा नगण्य आणि गाडी नाक खुपसते. धारदार गोट्यावर चाक झटक्यात वर येतं, तेव्हा तेलाला निघायला वेळच नसतो आणि फोर्क लोखंडी सळईसारखा वागतो. जाड तेल भरल्याने पहिला दोष थोडा कमी होतो आणि दुसरा फार वाढतो. वरून उसळीही मंदावते. नाल्यात एकामागून एक गोटे आले की फोर्क पहिल्यातून वर यायच्या आत दुसरा लागतो, मग तिसरा, आणि फोर्क खाली खाली बसत जातो. पाचव्या-सहाव्या गोट्याला प्रवासच उरत नाही. डॉक्टरांच्या हाताला मुंग्या नाल्याच्या शेवटी येत होत्या, सुरुवातीला नाही. हे मी त्यांना खोदून विचारलं होतं आणि उत्तर ऐकल्यावर फोर्क उघडण्याआधीच तेलाचा संशय आला होता.

फोर्क तळाला आपटत होता तो तेल पातळ होतं म्हणून नाही. पुढच्या स्प्रिंगलाही ते वजन जड होतं आणि डाव्या पायात तेल कमी होतं.

सील दोन्ही बाजूंचे बदलले. पाइपवर दगड लागून दोन जागी बारीक कंगोरे उठले होते, ते हजार नंबरच्या पाण्याच्या पेपरने आडवे घासून नखाला लागेनासे केले. कंगोरा तसाच ठेवून नवा सील घातला तर पंधरा दिवसांत पुन्हा पाझरतो. सील ठोकायला मी पीव्हीसीच्या पाइपचा तुकडा वापरतो, सीलच्या बाहेरच्या काठावर बरोबर बसेल असा. स्क्रू-ड्रायव्हरने एकेका बाजूने ठोकलेला सील तिरपा बसतोच.

तेल घेताना डब्यावरच्या १० डब्ल्यू, १५ डब्ल्यू या आकड्यावर विसंबू नये. दोन कंपन्यांचं १० डब्ल्यू एकसारखं नसतं. डब्याच्या मागे किंवा कंपनीच्या माहितीपत्रात ४० अंश तापमानाला तेल किती घट्ट आहे याचा सेंटिस्टोकचा आकडा असतो, तो जुळवायचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पौषात चिखलदऱ्याला पहाटे हात आखडतात. एकाच तेलाला दोन्ही झेलायचं असतं, म्हणून मी स्वस्त तेलावर इथे पैसे वाचवत नाही.

कंपनीने सांगितलेल्या घट्टपणाचं तेल भरलं. पुढच्या स्प्रिंग एक पायरी कडक घेतल्या. तेलाची पातळी दोन्ही पायांत स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या काठापासून मोजली. वर जी हवा राहते तीही एक स्प्रिंगच आहे. फोर्क शेवटाला येतो तशी ती दाबली जाऊन कडक होते. हवेची जागा दहा मिलिमीटरने कमी केली तर सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो आणि शेवट घट्ट होतो. तो बदल आम्ही मुद्दाम नंतरसाठी ठेवला.

एका वेळी एकच बदल

परतवाड्याच्या बाहेरची साडेसहा किलोमीटरची फेरी ठरवली, ज्यात चाकोरी, नाला आणि मुरूम तिन्ही येतात. टायरची हवा दर वेळी तीच, पुढे २० आणि मागे २२. याहून कमी केली तर आमच्या धारदार दगडावर ट्यूब रिमला चिमटून दोन भोकांचं पंक्चर होतं. फोर्कच्या पाइपला एक बारीक झिप-टाय बांधला. फोर्क दाबला की तो वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. फेरीनंतर तो कुठे आहे ते बघितलं की किती प्रवास वापरला गेला ते कळतं. यासाठी पन्नास पैशांचा टाय पुरतो, अंदाज लागत नाही.

मागची स्प्रिंग नागपूरहून करून घेतली, मूळ स्प्रिंगच्या सुमारे पंचवीस टक्के कडक. ती बसवून, प्रीलोड मधल्या खाचेवर ठेवून पुन्हा टेप लावला. एकटी गाडी १०, माणूस आणि सामानासकट ५६.

कागदावर ६० चे ५६ झाले, एवढंच. डॉक्टरांचा चेहरा पडला. साडेतीन हजारांत चार मिलिमीटर! मी म्हटलं, एक फेरी मारून या, मग बोलू.

ते नाल्यापर्यंत जाऊन परत आले आणि गाडीवरून उतरलेच नाहीत. “भाऊ, चाकोरीतून बाहेर काढली तं सरळ निघाली. अन् पुढचं चाक आता ऐकते.”

पुढच्या चाकाची ती तक्रार त्यांनी आधी सांगितलीच नव्हती, सवय झाली होती. गाडी मागून जास्त बसली की पुढचा फोर्क आडवा पडतो, चाक पुढे सरकतं, त्यावरचं वजन कमी होतं आणि ते चाकोरीत भरकटतं, चढावर हलकं होतं. उंचवट्यावर शेवटपर्यंत बसणारी शेपूट आता मध्येच थांबू लागली होती आणि त्यासरशी पुढचं चाकही जमिनीला धरून राहिलं. बसल्या जागेचं माप जवळजवळ तेच असलं तरी तिथून पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला पंचवीस टक्के जास्त जोर मिळत होता. टेप उभ्या गाडीचं सांगतो, धावत्या गाडीचं स्प्रिंगलाच विचारावं लागतं.

दुसऱ्या रविवारी फोर्कचा टाय प्रवासाच्या शेवटापासून दोन मिलिमीटरवर आला. नाल्याच्या काठावरून उतरताना आपटत होता. हवेची जागा दहा मिलिमीटरने कमी केली. तिसऱ्या रविवारी टाय अकरावर थांबला. तिथेच सोडलं. सगळा प्रवास कधीच न वापरणारा फोर्कही चुकीचाच, पण सगळ्यात वाईट खड्ड्यासाठी थोडी जागा राखावी.

जे जमलं नाही आणि जे केलं नाही

कडक स्प्रिंग म्हणजे जोरात उसळणारी स्प्रिंग. मूळ शॉकअपची उसळी त्या नरम स्प्रिंगच्या मानाने ठेवलेली होती आणि तिला बाहेरून फिरवायचा स्क्रू नव्हता. सामान लादलेलं असताना काही जाणवत नव्हतं. रविवारी कॅन आणि पिशवी घरी ठेवून आले की मुरमाच्या उतारावर गाडी मागून दोनदा डोलत होती. सीट दाबून सोडली की शेपूट एकदा वर येऊन बसायला हवी, ती वर जाऊन पुन्हा हलत होती. हे मला आधीच दिसायला हवं होतं, स्प्रिंग मागवतानाच शॉकअपही उघडायला पाठवायला हवा होता. महिनाभर त्यांना तशीच चालवावी लागली याचं मला वाईट वाटतं.

मग तो नागपूरला एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवला. त्याने तेल बदललं, उसळीची लगाम घट्ट केली आणि नायट्रोजन भरून दिला. हे काम मी माझ्या गॅरेजमध्ये करत नाही आणि कोणी करू नये. आत दाबाखाली वायू असतो. तोंडासमोर धरून सील उघडणाऱ्याचा डोळा जाऊ शकतो. नायट्रोजन भरतात त्यालाही कारण आहे. शॉकअप काम करतो म्हणजे हादऱ्याची उष्णता करतो. तेल तापलं आणि वर दाब नसला तर त्यात फेस होतो आणि फेसाला लगाम नसते. तासभर दगडात चालवल्यावर शॉकअप “मेल्यासारखा” वाटतो तो यामुळे.

फोर्कमध्ये बसणारी वेगळी झडप, जी त्या ठरावीक भोकांचं काम हाती घेते आणि झटक्याला उघडते, ती आम्ही बघितली आणि ठेवून दिली. त्यासाठी नळीची भोकं मोठी करावी लागतात, मागे येता येत नाही. डॉक्टर दगडात पंचवीस-तीसच्या वेगाने जातात, तेवढ्याला योग्य स्प्रिंग आणि योग्य तेल पुरलं. चाकांचा प्रवास वाढवणारं किटही नाकारलं. हीरो एक्सपल्सचं रॅली किट पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर प्रवास देतं आणि मोकळ्या रानात त्याची मजा वेगळीच आहे. पण त्याबरोबर सीट वर जाते. साडेपाच फुटी माणसाला नाल्याच्या तिरप्या काठावर, मागे कॅन बांधलेली असताना, दोन्ही पाय जमिनीला टेकणं हेच सुरक्षेचं पहिलं साधन आहे.

सगळा खर्च कोनसेट, सील, तेल, पुढच्या-मागच्या स्प्रिंग आणि शॉकअपची दुरुस्ती धरून अकरा हजार चारशे झाला. उरलेल्यातून त्यांनी चांगले गुडघे-पॅड आणि घोट्याच्या वर येणारे बूट घेतले. उभं राहून चालवताना खरं सस्पेन्शन गुडघेच असतात, त्यामुळे हा खर्चही मी याच हिशेबात धरतो.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर डॉक्टर परत आले. डाव्या सीलला तेलाची बारीक रेघ. घाबरले होते. मी जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापली, टोकाला आकड्यासारखी खाच केली, धूळ-सील वर सरकवून ती पट्टी पाइपभोवती सीलच्या ओठाखालून फिरवली. वाळलेल्या काळ्या मातीचा जिऱ्याएवढा कण बाहेर आला. पाइप पुसला, फोर्क वीस वेळा दाबला, पुन्हा पुसला. रेघ आली नाही. ती पट्टी त्यांनी टूलकिटमध्ये ठेवून घेतली, आणि खरपीच्या रस्त्यावरच्या एका गोठ्यावर म्हैस माजावर आहे म्हणून कॅन आवळून निघाले.